‘पोर’ नव्हे, ‘फोर’

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ‘ही बाई तसलीच असणार’ असं कोणी म्हणणार नाही. मी अंबरनाथ पूर्वेला एका शाळेत विज्ञान शिकवते. लिंबातून ‘रक्त’ काढणं, मंत्र म्हणून होम पेटवणं हे सगळं दरवर्षी नववीच्या वर्गात करून दाखवते आणि त्यामागचं रसायन फळ्यावर लिहिते. घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. नवस, अंगात येणं, दृष्ट काढणं... आमच्याकडे आईच्या वेळेपासूनच यातलं काही नाही. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका डबा खाताना अमक्या विहिरीवरची हडळ सुरू करायच्या, तेव्हा मी मुद्दाम विचारायचे, “तू स्वतः बघितलीस का गं?” मग विषय लोणच्यावर जायचा. भुताखेतांच्या अनुभवांच्या अशा सदरात कधी मी लिहीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तर आमचे हे — यशवंत. नाव घेतलं म्हणून डोळे वटारणारं आता घरात कोणी उरलेलं नाही, तेव्हा सरळ नावानेच लिहिते. यशवंत अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. ओतकामासाठी लोखंडाच्या वस्तूचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. लाकूड हातात घेतलं की आधी वास घ्यायचे, मग बोलायचे. माझ्याशी बोलायच्या आधीही वास घेत असते तर बरं झालं असतं, निदान मी कशी आहे ते कळलं असतं, असं मी चिडवायचे.

१९८४-८५ ची गोष्ट असेल. आम्ही तेव्हा बुवापाड्यात भाड्याने राहत होतो. दोन खुर्च्या हव्या होत्या म्हणून उल्हासनगरला कॅम्प तीनला गेलो. उल्हासनगर म्हणजे मुळात लढाईच्या काळातली मिलिटरीची छावणी, फाळणीनंतर सिंधी मंडळी त्याच बराकींत राहायला आली, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. एका जुन्या फर्निचरवाल्याकडे कोपऱ्यात कॅनव्हासची एक लांबुळकी पिशवी उभी होती. त्यात वाकड्या तोंडाच्या काठ्या. कुठल्याशा बराकीचा माळा उतरवताना निघाल्या होत्या.

“ले जाओ साईं,” दुकानदार म्हणाला. “अंग्रेज लोगों की हॉकी है. टेढ़ी हो गई, पर लकड़ी एक नंबर. परदा टाँगने को काम आएगी.”

यशवंत खाली बसले. भर दुकानात, मांडी घालून. एक काठी मांडीवर घेऊन तिच्या लोखंडी तोंडावरचा गंज अंगठ्याने घासायला लागले.

“हॉकी नाही सेठ,” ते म्हणाले. “गोल्फ.”

खुर्च्या राहिल्या. आम्ही ती पिशवी घेऊन घरी आलो आणि मी दोन दिवस बोलले नाही.

मग हळूहळू कळलं. माझे सासरे देवळालीच्या छावणीत गोरे साहेब खेळायचे तेव्हा त्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालायचे. पिशवी उचलायची, काठी पुसून हातात द्यायची — पण चेंडूला काठी लावायची नाही. जन्मभर उचलल्या, एकदाही मारलं नाही. यशवंत लहान होते तेव्हा त्यांना पुढे पिटाळायचे, लांब जाऊन उभं राहायचं आणि चेंडू कुठे पडतो ते बघायचं. साहेब मारण्याआधी ओरडायचा, “फोर!” म्हणजे समोर कोणी असेल तर सांभाळा, बाजूला व्हा. एकदा एक साहेब ओरडला नाही. सासरे समोर होते. त्यांच्या भुवईवर चेंडूचा व्रण शेवटपर्यंत होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो मी पाहिला होता, पण बैलाने मारलं असेल असं धरून चालले होते.

या काठ्यांचे दांडे लाकडी. नंतर स्टीलचे आले म्हणे. चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर पडून काही दांडे वाकले होते, काहींच्या मानेचा, म्हणजे दांडा लोखंडी तोंडात बसतो तिथला, दोरा उसवला होता, मुठीवरचं चामडं पापडासारखं तुटत होतं. यशवंतांना काम मिळालं. दांडा चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरायचे, गुडघ्यावर हलक्या हाताने दाबायचे, एक डोळा मिटून बघायचे, पुन्हा वाफेवर. सरळ झाला की जवसाचं तेल चोळायचे. दिवसेंदिवस घरात तोच वास; माझ्या पोळ्यांनासुद्धा. लोखंडी तोंडं रॉकेलच्या चिंधीत गुंडाळून ठेवायची आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासायची. मानेला मोचीचा दोरा मेणातून ओढून गुंडाळायचा, फेऱ्याला फेरा चिकटून, मध्ये केस जाईल एवढीही फट नाही. मुठीला चामड्याची पट्टी तिरकी गुंडाळत न्यायची. हे सगळं ते गॅलरीत बसून करायचे आणि मी पेपर तपासत समोर बसायचे. बोलणं फारसं नसे. आता वाटतं, ते बोलणंच होतं.

गंज निघाला तशी लोखंडावरची इंग्रजी नावं दिसायला लागली. एकीवर ‘मॅशी’ होतं. ती आमच्या घरात लगेच मावशी झाली. ‘निब्लिक’ला मी निंबाळकर म्हणायचे. मावशीचा दांडा मधोमध मोडलेला होता. तसलं विलायती लाकूड इथे कुठून मिळणार? यशवंतांनी धामण शोधून काढली. धामणीचं लाकूड लवतं पण मोडत नाही, कावडीला वापरतात. एका रविवारी ते पायरीवरून ओरडून मला सांगून गेले, “बदलापूरला धामण आणायला चाललोय, संध्याकाळपर्यंत येतो!” शेजारणीने पोरांना आत घेऊन दार लावलं. साप घरात आणणारा माणूस म्हणून पुढे कितीतरी दिवस ती आमच्या दारावरून अंग चोरून जायची.

त्या धामणीच्या निमित्तानेच बदलापूर पाहिलं. पुढे आम्ही तिथेच पश्चिमेला हेंद्रेपाड्यात घर घेतलं. नदीच्या बाजूला, वस्ती संपल्यावर एक मोकळा माळ होता. तो नीट सांगते, कारण पुढे लागेल. आपण गावाकडून आलो की आधी एक बसका काळा दगड. समोर बघितलं की हाकेच्या अंतरावर एकटा पळस. पळसाच्या मागे जमीन खोल उतरते, तिथून पायवाट वर येते. पलीकडच्या पाड्यातल्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन त्या वाटेने बाजाराला यायच्या. खोलगटात असेपर्यंत त्या दगडापासून दिसत नाहीत आणि त्यांना दगड दिसत नाही.

दिवाळीनंतर गवत वाळलं की यशवंत रविवारी सकाळी तिथे जायचे. दगडापाशी उभे राहून पळसाच्या दिशेने चेंडू मारायचे. चेंडू कामावरच्या एका साहेबाने दिलेले, जुने. खड्डा नाही, झेंडा नाही, जोडीदार नाही. पण नियम एक — मारण्याआधी, दर वेळी, माळ रिकामा असला तरी, छाती भरून ओरडायचं, “फोऽऽर!”

आता गंमत ऐका. एक दिवस भाजीबाजारात एक काकडीवाली मला म्हणाली, “बाई, मास्तरांना सांगा, देव ऐकंल. आमी पन हात जोडतो त्यांच्यासाठी.” ही जनाबाई, पाड्यातली, माझ्याच वयाची. मी शिक्षिका, म्हणून हे फुकटात मास्तर झालेले.

“कशासाठी हात जोडता?” मी विचारलं.

“पोरासाठी. दर रविवारी माळावर उभं ऱ्हावून वरडत्यात ना, पोर... पोर... लई वाईट वाटतं बाई. आमच्यातल्या बायका रडतात.”

मला काय झालं ते सांगता येत नाही. आम्हाला मूल नव्हतं. एकदा झालं होतं, राहिलं नाही. ते घरात कोणी बोलायचं नाही, आणि इथे सगळा पाडा रविवारी सकाळी त्यावर डोळे पुसत होता! मी तिथेच, काकड्यांसमोर, वर्गात बोलते तशी बोलले. म्हटलं, तो शब्द पोर नाही. फोर. इंग्रजी आहे. समोरच्याला सावध करायला म्हणतात. बाजूला व्हा, चेंडू येतोय. जनाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “व्हय बाई. देईल देव.”

घरी येऊन यशवंतांना सांगितलं, तर ते हसून हसून खाली बसले. आणि मग काठ्या पिशवीत भरायला लागले.

“ओरडणं बंद करा,” मी म्हटलं.

“समोर कोणी असलं तर?”

“नसतं कोणी.”

“बाबांच्या वेळी पण साहेबाला असंच वाटलं होतं,” ते म्हणाले.

मग त्या दगडावर हळदकुंकू दिसायला लागलं. नारळाची वाटी. एकदा लाल दोरा. मी संतापायचे; यशवंत नारळ उचलून शेळ्यांना घालायचे आणि दगड पुसून घ्यायचे. पाड्यात एका बाईला बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला आणि ती पेढे घेऊन थेट आमच्या दारात आली, तेव्हा मात्र ते पेढा हातात धरून नुसते उभे राहिले. ती गेल्यावर मला म्हणाले, “नलू, आईशपथ, मी नुसता ओरडलो होतो!”

मला ते माळावर चल म्हणायचे. मी एकदाच गेले. दगडाशेजारी, त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. त्यांनी काठी उचलली आणि असे काही ओरडले की मी दचकून पदरच सोडला.

“सांगायचं तरी आधी!” मी म्हटलं.

“तुला कशाला सांगू?” ते चेंडूकडे बघत म्हणाले. “ही हाक तुझ्यासाठी नाहीच. समोरच्यासाठी आहे. तू माझ्या बाजूला आहेस, तुला कशाची भीती?”

चेंडू पळसाच्या अलीकडे पडला. आम्ही शेंगदाणे खाल्ले आणि घरी आलो. बस, एवढंच.

यशवंत थंडीत गेले. कामावर, शॉपमध्येच, हातात रंधा असताना. मला शाळेत निरोप आला तेव्हा मी सातवी ‘ब’ला दाब शिकवत होते. तो धडा मी त्यानंतर कधी धड शिकवू शकले नाही. पाहुणे आले, वंदना झाली, पाहुणे गेले. नाशिकचा पुतण्या म्हणाला, काकू, तिकडे चला. मी म्हटलं, शाळा आहे. खरं कारण शाळा नव्हतं. गॅलरीत मावशी अर्धी पडली होती. यशवंतांनी तिचं मुठीचं चामडं पुन्हा काढून नवीन घालायला घेतलं होतं, पट्टी अर्ध्यावर आली होती आणि सुटू नये म्हणून तिला माझ्या केसांची पिन लावून ठेवली होती. ती पिन मला काढवेना आणि ती तशी सोडून जाववेना.

एकटेपणाचं काय सांगायचं. भात एका माणसाचा करताच येत नाही, कितीही कमी तांदूळ घेतले तरी उरतोच. संध्याकाळी जिन्यात पाऊल वाजलं की मी अजून गॅस पेटवायला उठायचे. पाऊल वरच्या मजल्यावर जायचं. मग मी पेटवलेल्या गॅसवर काहीतरी ठेवायचं म्हणून पाणी ठेवायचे.

महिना उलटून गेला असेल. मी बाजारात गेले, तर जनाबाई काकड्या निवडता निवडता म्हणाली, “बाई, लई दिस आला नाय. मास्तर बरं हायत ना?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. हिला कोणी सांगितलंच नव्हतं.

“आवाज तर रोजच्यावानी येतो म्हना,” ती पुढे म्हणाली. “परवा रविवारीच ऐकला. पोऽऽर... म्हटलं, बरंच असतील.”

“जनाबाई,” मी म्हटलं, “मास्तर गेले.”

“कुठं?”

मी नुसती मान हलवली. तिच्या हातातली काकडी खाली पडली. आजूबाजूला भाव चाललेले, आणि आम्ही दोघी तिथे गोणपाटावर बसलेलो. मग ती हळूच म्हणाली, “मंग परवा कोन वरडलं?”

मी पुरावा मागणारी बाई. दुसरा कोणी माणूस असेल... भारद्वाज पक्षी घुमतो, तो असेल... सवयीने भास होत असेल. मी पाड्यातून येणाऱ्या दूधवाल्याला विचारलं, मुद्दाम काही सुचवलं नाही, नुसतं विचारलं की रविवारी माळावर काही ऐकू येतं का. तो म्हणाला, “मास्तर खेळतात ना.” त्यालाही माहीत नव्हतं. पाड्यातल्या आणखी दोघींनी तेच सांगितलं. बाईचा नाही, पोराचा नाही, पक्ष्याचा नाही — यशवंतांचा आवाज, शेवटी जरासा फाटणारा.

मग मी रविवारी सकाळी माळावर जायला लागले. दगडापाशी, ते उभे राहायचे तिथेच, उन्हं चढेपर्यंत उभी राहायचे.

काही नाही. वारा. लांबून गाडीचा भोंगा. एखादी शेळी.

पुन्हा पुढच्या रविवारी. पुन्हा काही नाही. आणि वाटेने वर आलेली बाई म्हणायची, “आत्ता वरडले ना मास्तर, तुमी हितंच तर व्हत्या!” मी आधी म्हटलं, बघा, म्हणजे भासच. मी जागेवर असून मला येत नाही, म्हणजे आवाज नाहीच. सोपं आहे. फळ्यावर लिहून दाखवलं असतं. पण घरी येताना पाय उचलायचे नाहीत. मला राग यायचा — त्या बायकांचा नाही, यशवंतांचा. ज्या माणसाबरोबर मी एवढी वर्षं काढली, ज्याच्या घोरण्यावरून मला तो कुठल्या कुशीवर आहे ते कळायचं, तो दूधवाल्याला ऐकू येतो आणि मला नाही? मेल्यावर माणूस उरत नाही हे मला मान्य होतं. मन घट्ट करून मान्य केलं होतं. पण उरलाच असेल तर सगळ्या गावाला आणि मला सोडून... हे कसं सहन करायचं? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मलाही भास होऊ दे. एकदाच. त्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं.

शेवटी एका शनिवारी दुपारी मी मावशी मांडीवर घेतली आणि पिन काढली. पट्टी त्यांच्या हाताच्या तिढ्याने आपोआप वळत होती. मला फक्त तिच्यामागे जायचं होतं. वर पोचल्यावर दोरा मेणातून ओढला, फेऱ्याला फेरा चिकटवत गुंडाळला. त्यांचे फेरे आणि माझे फेरे यात फरक दिसतो, माझे ढिले आहेत. धामणीच्या दांड्याला तेल चोळलं. घरभर वास सुटला आणि मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि एक चेंडू घेऊन माळावर गेले. साडी खोचली. माझं वय, माझा चष्मा, हातात ती काठी... माझ्या नववीच्या मुलींनी पाहिलं असतं तर वर्ष सुखात गेलं असतं त्यांचं. पहिल्यांदा मारलं ते जमिनीला. मग हवेला. मग चेंडू जरासा घरंगळला, तो परत आणून ठेवला. ओरडायचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी तो शब्द माझ्या तोंडून निघाला नसता. समोर माळ रिकामा होता, पळसापर्यंत चिटपाखरू नव्हतं.

पुन्हा काठी उचलली. आणि या वेळी धामण लवली, हाताला जरासुद्धा धक्का बसला नाही, आणि चेंडू गेला. मी मारला असं वाटलंच नाही. सरळ पळसावर, पळसाच्या बाजूने खाली, खोलगटात दिसेनासा झाला. मग “अगं माय!” असा बाईचा आवाज आला.

चेंडू दगडासारखा कडक असतो. सासऱ्यांची भुवई डोळ्यांसमोर आली. मी काठी टाकून धावले, चप्पल कुठे राहिली कळलं नाही.

खोलगटात, वाटेच्या कडेला, जनाबाई पळसाच्या मुळांना टेकून उभी होती. दोन्ही हात डोक्यावर धरलेले. वाटेच्या मधोमध तिची टोपली होती, आणि टोपलीत, वरच्याच काकडीत, चेंडू रुतून बसला होता. पाणी अजून गळत होतं.

“लागलं का?” मी विचारलं. मला रडू फुटलं होतं.

“नाय वो. लागंल कसं? टोपली ठेवून बाजूला झाले ना मी.”

“पण तुला कसं कळलं? तुला मी दिसत नव्हते!”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. “मास्तर वरडले ना,” ती म्हणाली. “लई जोरात वरडले आज. तुमी सांगितलं व्हतं बाई, पोर नाय, बाजूला व्हा म्हनतात. म्हून झाले बाजूला. ...तुमी नाय ऐकलं?”

मी नाही ऐकलं. मी त्या जागेवर उभी होते, काठी माझ्या हातात होती, कान शाबूत होते. मी काही ऐकलं नाही.

मी खूप विचार केला आहे. मीच नकळत ओरडले असेन का? पण जनाबाई पुरुषाच्या आवाजाची शपथ घेते, आणि माझा आवाज ती रोज ऐकते. माझे आधीचे ठोके तिला ऐकू गेले असतील आणि ती सावध झाली असेल? मग भरली टोपली वाटेच्या मधोमध टाकून झाडाला चिकटायची काय गरज? योगायोग म्हणावा, तर दूधवाल्याचं काय करायचं? विज्ञानात मी मुलांना सांगते की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा, त्याला मार्क आहेत. तर माहीत नाही. भुतावर माझा अजूनही विश्वास नाही. प्रतिज्ञांची फ्रेम आहे तिथेच आहे.

पण त्या दिवशी घरी येऊन मावशीच्या तोंडावरचा काकडीचा रस — नाही, माती — पुसत बसले होते, तेव्हा एकदम हात थांबला. मी त्या बायकांना इतक्या वेळा समजावलं होतं. फोर म्हणजे काय? समोरच्याला सावध करायची हाक. आणि मी इतके रविवार कुठे उभी होते? दगडापाशी. त्यांच्या जागेवर, त्यांच्या शेजारी. त्या सगळ्या बायका, तो दूधवाला, सगळे पळसाच्या बाजूने येणारे. सगळे समोरचे. मी एकटीच समोर नव्हते. मला डाव्या हाताला उभं करून ते बोलले होते ते अक्षरन् अक्षर आठवलं आणि मी ती काठी मांडीवर घेऊन मोठ्याने रडले. ते गेल्यानंतर अशी रडले नव्हते.

याला आता काही वर्षं झाली. मी दर रविवारी जाते, पावसाळा सोडून. बऱ्यापैकी मारते. यंदा मात्र माळावर चुन्याच्या रेषा पडल्या आहेत, प्लॉट पाडलेत, दिवाळीनंतर पाया खणणार म्हणतात. पळसावर लाल फुली मारली आहे. मागच्या आठवड्यात जनाबाई घरी आली. चहा प्यायली आणि म्हणाली, “बाई, माळ जायच्या आत एकदा तुमी पळसाखाली येऊन उभ्या ऱ्हावा. मी मारते ती काठी. मग ऐकू यील तुमाला बी.”

खरं आहे तिचं. येईल बहुतेक. त्या आवाजासाठी मी काय काय केलं ते मी वर लिहिलंच आहे, आणि आता फक्त एवढंच करायचं होतं — माळ ओलांडून पलीकडे जायचं आणि दगडाकडे तोंड फिरवून उभं राहायचं. रात्रभर त्याचाच विचार केला.

रविवारी सकाळी जनाबाई पळसाखाली माझी वाट बघत उभी होती. तिने लांबूनच हात करून बोलावलं. मी मान हलवून नको म्हटलं. दगडापाशी त्यांच्यासाठी माणूसभर जागा सोडली, आणि त्या जागेच्या डाव्या हाताला उभी राहून मावशी उचलली.

मला काहीच ऐकू आलं नाही. समोर जनाबाई पदर सावरून बाजूला झाली.